उड्डाणचाचणी, लष्करी विमानांची : खर्चकपात

नव्या किंवा सुधारित लष्करी विमानाची कामगिरी, स्थैर्य, सांगाड्याची ताकद आणि शस्त्रयंत्रणा तपासताना, सुरक्षिततेला बाधा न आणता चाचणी-उड्डाणे व त्यांतील जोखीम कमी करण्याच्या पद्धती.

खर्चाची कारणे : चाचणीची विमाने मोजकी असतात. त्यांत असंख्य संवेदक बसवलेले असल्याने एखादे गमावल्यास सगळा कार्यक्रम रखडतो. वेग, उंची व भार बदलत एकेक ‘चाचणी-बिंदू’ तपासावा लागतो. अमेरिकेच्या एफ-35 विमानाच्या विकासचाचण्या 2018 मध्ये संपल्या, तोवर 9,200 हून अधिक उड्डाणे व 65,000 हून अधिक बिंदू पूर्ण झाले होते. उड्डाण रद्द झाले तरी अभियंते व तंत्रज्ञांचा खर्च सुरूच राहतो.

पद्धती : विंड टनेल, सिम्युलेटर आणि ‘आयर्न बर्ड’ (नियंत्रणयंत्रणेची जमिनीवरील पूर्णाकृती मांडणी) यांमुळे बरेच दोष उड्डाणापूर्वीच सापडतात. दुसऱ्या विमानासारखे वागू शकणाऱ्या एफ-16 व्हिस्टावर भारताच्या तेजस लढाऊ विमानाचे नियंत्रण-नियम 1996 मध्ये तपासले गेले. तेजसचे पहिले उड्डाण 4 जानेवारी 2001 रोजी झाले. अमेरिकेच्या एफ-22 लढाऊ विमानाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बोइंग 757 विमानात बसवून तपासली गेली.

1973 पासून नासाने एफ-15 लढाऊ विमानाच्या तीन-अष्टमांश आकाराच्या, दूरनियंत्रित प्रतिकृतीवर स्पिनच्या (ताबा सुटून विमान गरगरत खाली येण्याच्या) धोकादायक चाचण्या केल्या. एका प्रतिकृतीचा खर्च सुमारे अडीच लाख डॉलर, तर खऱ्या विमानाचा 68 लाख डॉलर होता.

टेलिमेट्रीमुळे (विमानातील नोंदी रेडिओने जमिनीवर पाठवण्यामुळे) जमिनीवरील अभियंते आकडे तत्काळ पाहून पुढच्या बिंदूला परवानगी देतात. त्यामुळे एका उड्डाणात अनेक बिंदू उरकतात. उत्पादक व हवाई दल यांनी संयुक्त पथक नेमल्यास त्याच चाचण्या दोनदा होत नाहीत.

गोव्यातील आयएनएस हंसा तळावर विमानवाहू नौकेसारखा उड्डाणासाठीचा चढ (स्की-जंप) आणि विमान अडवणाऱ्या तारा उभारल्या आहेत. तेथे नौदल-तेजसने 20 डिसेंबर 2014 रोजी या चढावरून पहिले उड्डाण केले व 13 सप्टेंबर 2019 रोजी तारेच्या साहाय्याने ते प्रथम उतरले. आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर ते 11 जानेवारी 2020 रोजी उतरले. प्राथमिक चाचण्यांसाठी युद्धनौका अडकवून ठेवावी लागली नाही.

मर्यादा : फ्लटर (हवेच्या झोतामुळे वाढत जाणारे विमानाच्या भागांचे कंपन), हवेच्या झोताशी मोठ्या कोनातील उड्डाण आणि शस्त्र सुटतानाचे वर्तन यांबाबत संगणकीय प्रतिमानाचा पडताळा हवेतच घ्यावा लागतो. हवेतील चाचणीत छोटी उणीवही महागात पडू शकते : अमेरिकन-जर्मन एक्स-31 विमानाच्या वेगमापक नळीला तापवण्याची सोय नव्हती आणि हे वैमानिकाला सांगितले गेले नव्हते. जानेवारी 1995 मध्ये नळीत बर्फ साचून वेगाची नोंद चुकली व विमान कोसळले. वैमानिक बाहेर पडून वाचला. थोडक्यात, जमिनीवर मिळू शकणाऱ्या उत्तरासाठी उड्डाण न करणे हीच खरी काटकसर होय. आवश्यक उड्डाण, सुरक्षेचे उपकरण वा धोक्याची सूचना गाळणे ही काटकसर नव्हे.