नलिनी मलानी : चित्रफलकापासून व्हिडिओपर्यंत

नलिनी मलानी यांचा जन्म 1946 साली कराचीत झाला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि कुटुंबाला कोलकात्यास यावे लागले. काही वर्षांनी ते मुंबईत स्थिरावले. मलानी यांनी 1964 ते 1969 या काळात सर ज. जी. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले.

1969 साली चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. चित्रकारांना कॅमेरा हाताळून प्रयोग करण्याची सोय तेथे झाली. मलानी यांनी तेथे ‘ड्रीम हाउसेस’ ही छोटी रंगीत चित्रफीत एकेक चौकट टिपून तयार केली. नेहरूकाळातील नियोजनाने आणि आधुनिक वास्तुकलेने दाखवलेले नव्या घरांचे स्वप्न हा तिचा विषय होता. 1976 साली तिच्या जोडीला दुसरी, कृष्णधवल चित्रफीत आली. तीत एक तरुणी शहराकडे पाहत उभी आहे. शेजारी शेजारी दाखवल्या जाणाऱ्या या दोन फितींच्या कलाकृतीचे नाव ‘युटोपिया’. स्वप्न आणि त्याचा भंग तीत समोरासमोर येतात.

दरम्यान 1970 ते 1972 ही वर्षे त्यांनी शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये काढली. परतल्यावर त्या प्रामुख्याने चित्रे काढत राहिल्या. 1987 ते 1989 मध्ये अर्पिता सिंग, नीलिमा शेख आणि माधवी पारेख यांच्यासह त्यांनी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन निरनिराळ्या शहरांत नेले. 1992 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांनी थेट भिंतींवर ‘सिटी ऑफ डिझायर्स’ रेखाटले. विकता न येणारे, प्रदर्शनाबरोबरच संपणारे हे चित्र चौकटीबाहेर पडण्याची सुरुवात ठरले.

मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्यावर मलानी यांनी सआदत हसन मंटो यांच्या फाळणीवरील कथेचा आधार घेऊन ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ रचले. पत्र्याच्या ट्रंकांत व्हिडिओचे पडदे ठेवले होते आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहत होत्या. ट्रंक ही निर्वासितांच्या सामानाची खूण. साडीची दोन टोके मात्र जुळत नाहीत.

पुढे त्यांनी चित्र, सावली आणि व्हिडिओ एकत्र आणले. पारदर्शक नळकांड्यांवर आतल्या बाजूने चित्रे रंगवायची, ती फिरती ठेवायची आणि त्यांवर व्हिडिओचा झोत टाकायचा; चित्रांच्या सावल्या भिंतीवर सरकतात. बाहुल्यांच्या छायाखेळाशी नाते सांगणारे हे तंत्र 2012 मध्ये जर्मनीतील कासेल येथे ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ या कलाकृतीत दिसले. कासांड्रा, मीडिया, सीता यांसारख्या मिथककथांतील स्त्रिया त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतात.

2017 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. अलीकडे त्या आयपॅडवर बोटाने चित्रे काढून त्यांना गती देतात. ‘कॅन यू हिअर मी?’ हे काम त्यातूनच घडले. 2023 मध्ये त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला.