शेक्सपिअर आणि रोजची इंग्रजी

विद्यार्थी मित्रहो, इंग्रजीच्या परीक्षेसाठी तुम्ही वाक्प्रचारांच्या याद्या घोकता. त्यांतले कितीतरी वाक्प्रचार मूळचे नाटकातल्या पात्रांच्या तोंडचे आहेत, हे तुम्हांस कोणी सांगितले आहे काय? विल्यम शेक्सपिअर १६१६ साली वारला. पण लंडनचा दुकानदार काय किंवा मुंबईचा वकील काय, इंग्रजी बोलताना नकळत त्याचे शब्द वापरतोच.

'वाइल्ड गूज चेस' घ्या. आज याचा अर्थ निष्फळ धावपळ. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये मात्र तो एका घोड्यांच्या शर्यतीवरून केलेला विनोद आहे. पुढचा स्वार जाईल तिकडे इतरांनी त्याच्यामागून जायचे, रानहंसांच्या थव्यासारखे. शर्यत बंद पडली, शब्द राहिले आणि त्यांचा अर्थ मात्र फिरला.

'मॅकबेथ'मधील 'वन फेल स्वूप'ची कथा याहून करुण आहे. बायकामुलांची हत्या झाल्याची वार्ता ऐकून मॅकडफ हा उद्गार काढतो. 'फेल' म्हणजे क्रूर, आणि चित्र आहे पिलांवर झडप घालणाऱ्या घारीचे. आज एखादा हिशेबनीस सारी बिले एकदम चुकती करतो, तेव्हाही हेच शब्द वापरतो. एका बापाचा आक्रोश कचेरीत येऊन बसला!

आता एक सावधगिरीची गोष्ट. शेक्सपिअरने हजारो शब्द स्वतः घडविले, असे सर्रास सांगितले जाते. ही अतिशयोक्ती आहे. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाला. त्यासाठी जुने ग्रंथ वाचणाऱ्यांनी शेक्सपिअर बारकाईने वाचला, म्हणून अनेक शब्दांचा पहिला दाखला त्याच्या नावावर जमा झाला. पुढे त्यांतले बरेच शब्द त्याच्या आधीच्या लिखाणात सापडले. मग त्याचे श्रेय उणे झाले काय? माझ्या मते, मुळीच नाही. लोकांच्या तोंडचा शब्द हेरून तो नेमक्या जागी बसविणे, हीदेखील मोठी विद्याच.

पालकांनीही हे ध्यानी घ्यावे की तो हातमोजे बनविणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पायरी तो चढला नाही. रॉबर्ट ग्रीन या पदवीधर लेखकाच्या नावाने १५९२ साली निघालेल्या पुस्तिकेत त्याला दुसऱ्यांची पिसे लावून मिरवणारा कावळा ठरविले गेले. त्या काळी तिथल्या शाळांत मान होता लॅटिनला. इंग्रजी ही घरची, बाजारची बोली. केवळ इंग्रजी शब्दांचा पहिला कोश रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने १६०४ मध्ये काढला, तोही जेमतेम अडीच हजार शब्दांचा. 'हॅम्लेट' त्याच्या आदल्याच वर्षी छापले गेले होते! तेव्हा घरी दखनी किंवा कोकणी बोलणाऱ्या आपल्या मुलास त्या बोलीची लाज वाटू देऊ नका.

आणि हे सारे आपल्यापर्यंत पोहोचले ते दोन मित्रांमुळे. जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल हे त्याच्याच मंडळीतले नट. त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ साली, त्यांनी ३६ नाटके एका ग्रंथात छापविली. त्यांतली १८ तोवर कधीच छापली गेली नव्हती. 'मॅकबेथ' हे त्यांपैकीच एक.