नाव मिळालं, कागद मिळाला. आता आधार गंगापूरपर्यंत यायला हवा

मागच्या आठवड्यात बसस्टँडसमोर चहा घेत होतो. ओळखीतला एक जण जवळ आला. थोडी शेती, बाकी वाळूजला कंपनीत कंत्राटी काम. सोबत सहा वर्षांचं लेकरू. हाक मारली तर बघत नव्हतं, बाटलीचं झाकण हातात घेऊन सारखं फिरवत होतं.

"भाऊ, तुम्ही पेपरवाले, जरा हे वाचून सांगा." त्यानं घडी घातलेला कागद पुढं केला. शहरातल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ऑटिझम. म्हणजे स्वमग्नता. मग हळूच म्हणाला, "घरचे म्हणतात, आईनं लक्ष दिलं नाही, मोबाईल हातात दिला, म्हणून असं झालं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण आईवर ठपका ठेवायची ही रीत आपल्या गावात जन्मलेली नाही. तिला मोठा इतिहास आहे. म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांबली आहे, पण घरात लहान लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

१९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांची निरीक्षणं छापली. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, ठरलेला क्रम बदलला की बिथरणारी, बोलण्यात वेगळी अशी ही मुलं. हे जन्मापासूनचं असावं, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं. लक्षात घ्या, तेव्हा मोबाईल नव्हता आणि टीव्हीही घराघरांत पोचलेला नव्हता.

पण त्याच लेखात या मुलांचे आईबाप मायेनं कोरडे वाटतात, असाही शेरा होता. पुढं लोकांनी तोच उचलून धरला. 'फ्रिजसारख्या थंड आया' असा शब्द रूढ झाला. १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी याच विचाराचं पुस्तक काढलं आणि ते गाजलं. लेकराचं दुःख आईनं सोसायचं आणि दोषही तिच्याच पदरात!

याला पहिलं ठाम उत्तर दिलं एका बापानं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, संगोपनाचा नाही. पुढच्याच वर्षी तिथं पालकांची संघटना उभी राहिली. १९७२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांनी सरकारी पातळीवर कार्यक्रम सुरू केला. त्यात आईबापांना थेरपीतले जोडीदार मानलं. काल ज्यांच्यावर ठपका होता, त्यांनाच आता शिकवून सोबत घेतलं गेलं.

आपल्याकडंही वाट पालकांनीच पाडली. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्यानं आपल्या मुलीच्या गरजेतून शाळा काढली, तीच आजची जय वकील शाळा. पण त्या काळात अशा सगळ्या मुलांना एकच शब्द होता, 'मतिमंद'. स्वमग्न लेकरू त्याच शब्दाखाली हरवून जायचं. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या आईनं इतर पालकांसोबत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं. आपल्या संभाजीनगरात अंबिका टाकळकर यांनीही स्वतःच्या मुलासाठी शिकत शिकत 'आरंभ' केंद्र उभं केलं.

कायदा मात्र मागून चालत आला. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. म्हणजे प्रमाणपत्र हवं तर 'मतिमंद' म्हणून घ्या, नाहीतर हात हलवत घरी जा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात हे नाव पहिल्यांदा आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकार मानले, त्यात स्वमग्नता स्वतंत्र धरली. कॅनर यांच्या लेखापासून मोजा, ७३ वर्षं.

आता तपासणीचं. स्वमग्नता रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ठरत नाही. प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात जी मोजपट्टी वापरतात, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं बनवली. त्यात ४० मुद्दे आहेत. नजर देतो का, हाकेला ओ देतो का, तेच तेच शब्द बोलतो का, असे. प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० च्या खाली असेल तर स्वमग्नता धरत नाहीत. तज्ज्ञ लेकराला बघतात आणि आईबापांना विचारतात. म्हणजे जिला आपण आरोपी केलं, तीच आई इथं सगळ्यात महत्त्वाची साक्षीदार आहे. घरात तिचं तोंड बंद केलं तर तपासणीत ती काय सांगणार?

लवकर ओळखण्याची सोयही कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. पथकानं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची, शंका आली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं.

पण निदान झाल्यावर पुढं काय? स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी ही एका दिवसाची कामं नाहीत, वर्षानुवर्षं चालतात. प्रत्येक वेळी शहर गाठायचं म्हणजे एसटीचं भाडं गेलं, दिवसाचा रोज बुडाला, आणि गर्दीत लेकरू बिथरलं की लोकांच्या नजरा. चार चकरा झाल्या की माणूस थकतो. मग कोणी अंगारा सांगतं, कोणी 'लग्न झालं की सुधरेल' म्हणतं.

म्हणून मागणी साधी आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून दोन दिवस तरी थेरपिस्ट बसावा. त्यानं लेकराबरोबर आईबापांनाही शिकवावं. घरात कसं बोलायचं, खेळायचं, दिवसाचा क्रम चित्रांनी कसा दाखवायचा आणि चिडला तर काय करायचं. आजी-आजोबांनाही समोर बसवून सांगावं, कारण ठपका तिथूनच सुरू होतो. गावोगावचे असे पालक महिन्याला एकत्र बसले तरी निम्मं ओझं हलकं होईल.

त्या मित्राला मी कागदाच्या मागं तीन गोष्टी लिहून दिल्या. स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज, राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना (एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही बसते), आणि शाळेत नाव कायम ठेवणं, कारण ते नाकारायचा अधिकार कोणालाच नाही. 'बरा होतो का' याचंही खरं उत्तर दिलं. हा ताप-खोकल्यासारखा बरा होणारा आजार नाही, पण लवकर शिकवलं तर लेकरू खूप पुढं जातं.

आणि चौथी गोष्ट तोंडी सांगितली. "घरी गेल्यावर सगळ्यांसमोर वहिनींना म्हण, तुझं काही चुकलं नाही."

तो काहीच बोलला नाही. लेकराच्या हातातलं झाकण खाली पडलं होतं, ते उचलून परत दिलं आणि निघाला.

तुमच्या गल्लीत, वस्तीवर असं लेकरू असेल तर ही पोस्ट त्या घरापर्यंत पोचवा. आणि पुढच्या ग्रामसभेत, पंचायत समितीत हा विषय काढा. ७३ वर्षांनी नाव मिळालं. आधारासाठी अजून तेवढीच वाट बघायची नाही.