ओठांजवळचा मायक्रोफोन

धावत्या मोटारीतून बोलणाऱ्या हौशी रेडिओचालकाचा खरा शत्रू अंतर नव्हे, गोंगाट. इंजिनाची घरघर शब्दांसोबतच मायक्रोफोनमध्ये शिरते आणि प्रक्षेपितही होते. या दुखण्याशी वैमानिक त्याच्या कितीतरी आधीपासून झगडत होते.

त्यांचे जुने हेडसेट इतके अवजड, की अनेक जण हातातला मायक्रोफोनच पसंत करीत. १९६१ मध्ये कोर्टनी ग्रॅहॅम आणि कीथ लार्किन या दोघा वैमानिकांनी कॅलिफोर्नियात ‘प्लॅन्ट्रॉनिक्स’ स्थापन केली, ती हलका हेडसेट घडवण्यासाठीच. पुढे नासाने तो स्वीकारला. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून आर्मस्ट्राँग यांचे शब्द याच कंपनीच्या हेडसेटमधून पृथ्वीवर पोहोचले!

मर्म साध्या भौतिकशास्त्राचे आहे. दांडीवरचा मायक्रोफोन ओठांपासून ३० ऐवजी ३ सेंटिमीटरवर आणला, की त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता सुमारे १०० पट होते; इंजिनाचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. शिवाय दोन्ही हात सुकाणूवर, जे मोटारीत अधिक मोलाचे.

प्रश्न उरतो कानांचा. दोन्ही झाकले, तर मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणार कसा? ज्या कॅलिफोर्नियात हा हलका हेडसेट जन्मला, तेथीलच वाहतूक कायदा चालकाला दोन्ही कान हेडसेटने झाकू देत नाही. मोटारीतल्या रेडिओचालकाने एकाच कानाचा हेडसेट घ्यावा, हे ओघानेच आले.