टपालाने मागवलेलं इंटरनेट

आजचा विषय तंत्रज्ञानाच्या इतिहासातला आहे आणि मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. तेव्हा हा माणूस इथे काय करतोय, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. मी संगणकातला तज्ज्ञ नाही. पण ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती मी स्वतः वापरली आहे, आणि ती वापरताना जे प्रश्न पडले ते अजून माझ्याजवळ आहेत.

आधी गोष्ट काय ते सांगतो. आज आपण 'नेट आहे का?' असं विचारतो तेव्हा उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असतं. १९८५ ते २००० या काळात तिसरं एक उत्तर होतं: 'नेट नाही, पण मेल आहे.' आणि ज्यांच्याकडे फक्त मेल होता, त्यांनी त्या एवढ्याशा खिडकीतून जवळजवळ सगळं इंटरनेट वापरलं. फायली उतरवल्या, शोध घेतले, पुढे वेबची पानंसुद्धा वाचली. सगळं पत्र पाठवून आणि उत्तराची वाट बघून.

हे कसं शक्य होतं? थेट जोडणीत तुमचं यंत्र आणि समोरचं यंत्र एकाच वेळी जागं असावं लागतं, आणि मधली वाट पूर्ण मोकळी असावी लागते. मेलचं तसं नाही. मेल टप्प्याटप्प्याने जातो. एक यंत्र पत्रं साठवतं, फोन लागला की पुढच्या यंत्राला देतं, ते आणखी पुढे. रात्री फोन स्वस्त असेल तर रात्री. आपल्याकडे १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, या संस्था होत्या. सुरुवातीला जे धावलं ते साध्या फोनवरून यंत्रायंत्रांत होणारं टपालच होतं. पुढे अमेरिकेशी कायमची लाइन मिळाली, तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर एक मेगाबाइट यायला साधारण १४ मिनिटं, आणि तीही सर्वांनी मिळून वापरायची एकच लाइन. सामान्य माणसाला पैसे भरून इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून.

आता मुख्य कल्पनेकडे येऊ. मेलचं उत्तर माणसानेच दिलं पाहिजे असा काही नियम नाही. १९८५ साली जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस या दोघांनी 'नेटलिब' नावाची सोय सुरू केली. डोंगारा आरगॉन प्रयोगशाळेत, ग्रॉस बेल लॅब्समध्ये. गणिती आकडेमोडीचे उत्तमोत्तम प्रोग्राम त्यांच्याकडे होते, आणि ते मागणारी माणसं जगभर होती. पूर्वी असे प्रोग्राम चुंबकीय फितीवर भरून टपालाने पाठवावे लागत. त्यांनी काय केलं, तर एका मेलपत्त्यामागे माणसाऐवजी प्रोग्राम बसवला. तुम्ही पत्रात दोनच शब्द लिहायचे, 'सेंड इंडेक्स'. उत्तरात यादी यायची. त्या यादीतलं हवं ते नाव लिहून पुन्हा पत्र पाठवलं की तो प्रोग्राम तुमच्या पेटीत. मध्ये अर्ज नाही, सही नाही, शिफारसपत्र नाही.

मग याच रीतीने इतर सोयी उभ्या राहिल्या. फायली थेट उतरवण्याची एफटीपी नावाची पद्धत होती, पण तिला थेट जोडणी लागे. तेव्हा डेक कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल विक्सी यांनी एफटीपीमेल चालवलं. प्रिन्स्टन विद्यापीठानेही अशीच सोय ठेवली होती. तुम्ही पत्रात लिहायचं की अमुक यंत्रावर जा, तमुक कपाट उघड, ही फाईल काढ आणि मला पाठव. थोडक्यात, मुंबईला निघालेल्या शेजाऱ्याच्या हातात यादी द्यायची, तसं.

यात एक अडचण होती. त्या वेळचा मेल फक्त साधी अक्षरं वाहून नेऊ शके. चित्र किंवा प्रोग्राम नाही. त्यावर मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी बर्कलीत १९८० च्या सुमारास युयुएनकोड नावाची युक्ती काढलेली होती. तीन बाइटची चार छापील अक्षरं करायची, टपालातून पाठवायची, पलीकडे उलटी क्रिया करायची. फाईल तिपटीची चौपट होते, पण पोचते. शिवाय मोठं पत्र वाटेत अडकतं, म्हणून साधारण ६४ हजार बाइटचे तुकडे करायचे. एक मेगाबाइटची फाईल म्हणजे वीस-बावीस पत्रं.

इथे माझी हकीकत सांगतो. नव्वदीच्या दशकात मी ज्या विभागात शिकवत होतो तिथे संगणक एकच, तोही टंकलेखनापुरता. पण भौतिकशास्त्रातल्या एका मित्राला मेलचं खातं होतं. त्या काळी जपानमधल्या चिबा विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या अप्रकाशित निबंधांचा एक साठा ठेवलेला होता, आणि तो मेलनेही मागवता येत असे. हे मला कळलं तेव्हा मी मित्राच्या मागेच लागलो. एक निबंध मागवला. तीन दिवसांत चौदा तुकड्यांपैकी तेरा आले. नववा आलाच नाही. आणि नववा नसेल तर पुढचे पाच वाचता येत नाहीत, कारण ती नुसती चिन्हांची रांगोळी असते. मित्र म्हणाला, "सर, तुमचा निबंध वाटेत कुठेतरी चहा पीत बसलाय." आम्ही नववा पुन्हा मागवला. तो आल्यावर कागदावर छापून मी जो वाचला, तसा निबंध त्यानंतर फार थोड्या वेळा वाचला असेल.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला इथे काय दिसलं? अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आपल्याकडे न्यायशास्त्राचं पहिलं पुस्तक म्हणून शिकवतात. वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात असं तिथे सांगितलं आहे: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी, त्यांचा मेळ बसायला हवा, आणि ते जवळजवळ उच्चारलेले हवेत. एक शब्द आत्ता आणि दुसरा प्रहराने उच्चारला, तर त्यातून अर्थ निघत नाही. मी हे वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. आणि इथे माझ्यासमोर एक वाक्य तीन दिवसांत चौदा तुकड्यांनी येत होतं आणि तरी अर्थ निघत होता! म्हणजे सन्निधी गेली का? नाही. प्रत्येक तुकड्यावर 'चौदापैकी तिसरा', 'चौदापैकी चौथा' असं लिहिलेलं होतं. काळातली जवळीक नव्हती, ती त्या आकड्यांनी भरून काढली. ज्याने हे प्रोग्राम लिहिले त्याने वाट बघणाऱ्या माणसाचा विचार केला होता, एवढं मात्र त्यावरून मला नक्की कळलं.

दुसरा प्रश्न प्लेटोचा. 'मेनो' या संवादात मेनो सॉक्रेटिसला अडवतो: जे तुला माहीतच नाही ते तू शोधणार कसं? आणि सापडलं तरी हेच ते, हे ओळखणार कसं? मेलवरून इंटरनेट वापरणाऱ्याची रोज हीच पंचाईत. थेट जोडणीवाला भटकू शकतो. दुकानं बघत बाजारातून हिंडावं, तसा. टपालवाल्याला भटकता येत नाही. त्याला नाव घेऊनच मागावं लागतं, आणि नावच माहीत नसतं. याला दोन उत्तरं निघाली. एक, १९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज यांनी बनवलेलं 'आर्ची'. कुठल्या फायली जगात कुठे आहेत याची ती सूची होती, आणि मेलनेही विचारता येत असे. दुसरं उत्तर याहून साधं. जवळजवळ प्रत्येक यंत्र एक शब्द समजत असे: 'हेल्प'. काहीच माहीत नसलेल्या माणसाने कोऱ्या पत्रात एवढाच शब्द लिहिला तरी काय काय मागता येईल याची सगळी माहिती परत यायची. मेनोला इतकं व्यावहारिक उत्तर सॉक्रेटिसनेही दिलं नाही, असं मी गमतीने म्हणतो.

आता यात पणाला काय लागलं होतं ते बघा. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लॉस अ‍ॅलामॉस इथे पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने निबंधांचा एक साठा सुरू केला, तोच आजचा 'अर्काइव्ह'. आज आपण त्याला संकेतस्थळ म्हणून ओळखतो, पण जन्मला तो मेलवर उत्तर देणारं यंत्र म्हणून. त्याआधी भौतिकशास्त्रात काय चाले? नवा निबंध लिहिला की त्याच्या प्रती काढून ओळखीच्या नामवंत संस्थांना टपालाने पाठवत. जो त्या यादीत, त्याला नवं ज्ञान आधी. जो यादीत नाही, त्याला छापील नियतकालिक ग्रंथालयात येईपर्यंत महिनोन्महिने थांबायचं. आपल्याकडे तर ते बोटीने यायचं. मेलचं हे यंत्र सुरू झालं आणि हार्वर्डच्या प्राध्यापकाला आणि मेलचं खातं असलेल्या भारतातल्या संशोधक विद्यार्थ्याला तोच निबंध त्याच दिवशी मागवता येऊ लागला. गरिबाला वेगळं दार नव्हतं, दार एकच होतं आणि ते मेलच्या उंचीचं होतं.

वेब आलं तेव्हाही सुरुवातीला हे भान होतं. टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगापुढे ठेवलं तेही १९९१ मध्येच. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेने लवकरच असा मेलपत्ता ठेवला की त्यावर वेबपानाचा पत्ता पाठवला की पान मजकुराच्या रूपात परत यावं. पानातल्या दुव्यांना आकडे दिलेले असत. त्याचीच पुढची आवृत्ती 'अगोरा'. तिच्या उत्तराला तुम्ही नुसता आकडा लिहून पाठवला की पुढचं पान येई. अगोरा म्हणजे ग्रीक नगरातला चौक, सॉक्रेटिसची बसायची जागा. अमेरिकेत बॉब रँकिन यांनी हे सगळे पत्ते आणि आज्ञा एकत्र करून एक मार्गदर्शिका लिहिली, ती मेलनेच मागवता येई आणि अनेक भाषांत गेली. इटलीत त्रिएस्तला अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या भौतिकशास्त्र केंद्राने वेबची पानं मेलने देणारा प्रोग्राम बनवला, आणि पुढे विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांना नियतकालिकांतले निबंध मेलने पाठवण्याची सोयही केली. सलाम यांचा आग्रहच होता की गरीब देशातल्या शास्त्रज्ञाने एकटं पडू नये. हे काम त्याच आग्रहाला धरून होतं.

मग हे सगळं संपलं का? बरंचसं संपलं. थेट जोडणी स्वस्त झाली, हे एक कारण आणि ते चांगलंच. दुसरं असं की नको त्या मेलचा पूर आला आणि अनोळखी माणसाच्या पत्राला उत्तर देणारी यंत्रं गैरवापराला बळी पडू लागली. तिसऱ्या कारणाकडे मात्र कमी लक्ष जातं. वेबचं पोट जाहिरातींवर भरू लागलं, आणि जाहिरातीला तुमची नजर पानावर हवी असते, त्याच क्षणी. पत्र पाठवून मजकूर घेऊन जाणारा माणूस त्या हिशेबात बसत नाही. पानंही अशी झाली की मजकूर मूठभर आणि बाकी सारा पसारा. ती टपालात घालणार कशी?

पण गरज संपली नाही. क्युबात २०१४ मध्ये मोबाइलवर मेल मिळाला, आणि मोबाइलवर इंटरनेट सर्वांना मिळालं ते २०१८ च्या डिसेंबरात. मधल्या काळात 'अप्रेतास्ते' नावाची सेवा तिथे वापरली गेली. मेलच्या विषयाच्या जागी शब्द लिहायचा, विकिपीडियातला लेख परत यायचा. समुद्रावर शिडाच्या बोटीत असलेला माणूस आजही रेडिओवरून अक्षांश-रेखांश लिहिलेला मेल पाठवतो आणि काही किलोबाइटचा हवामानाचा अंदाज मागवतो. त्याच्यासाठी हा इतिहास नाही, वादळाच्या आधी बंदर गाठण्याचा प्रश्न आहे. आणि आपल्याकडे स्मार्टफोन नसलेल्या माणसाला साध्या फोनवरून *९९# लावून बँकेतली शिल्लक बघता येते, तीही याच कुळातली सोय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपण समजतो की यंत्र सुधारलं की सगळे आपोआप आत येतात. इतिहास तसं सांगत नाही. १९८५ ची यंत्रं आजच्यापेक्षा फार दुबळी होती, पण ती बनवणाऱ्यांनी आधी विचारलं की सर्वांत कमी साधन असलेल्या माणसाकडे काय आहे? त्याच्याकडे मेल आहे. मग मेलवर उत्तर देऊ. आज एखादा शासकीय अर्ज फक्त नव्या फोनवरच्या अ‍ॅपमधून भरता येतो, तेव्हा तो प्रश्न कुणी विचारला होता का? ते ठरवणं यंत्राच्या हातात नसतं, कुणीतरी माणसाने ते ठरवलेलं असतं. आणि माणसाने ठरवलेलं असेल तर त्याला जाबही विचारता येतो.

त्या निबंधाची छापील प्रत अजून माझ्याकडे आहे. नवव्या तुकड्याची पानं जरा वेगळ्या रंगाची आहेत, कारण ती नंतर दुसऱ्या कागदावर छापली. कुणाला बघायची असेल तर व्याख्यान संपल्यावर या. आता तुमचे प्रश्न घेऊ.