कार्डेक्समधली रिकामी चौकट

गोरेगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी 1991 साली लागले. तेव्हा नियतकालिकांचा सगळा संसार एका लोखंडी कपाटात मावायचा. कार्डेक्स म्हणायचो त्याला. उथळ ट्रे ओढला की एकावर एक सरकवलेली कार्डं, प्रत्येकाची फक्त खालची कड दिसणारी. कडेवर नाव, वर बारा महिन्यांच्या बारा चौकटी. अंक आला की चौकटीत तारीख घालायची. जुलैत पाकिटं भिजून यायची. पानं पंख्याखाली वाळवायची, मगच नोंद. चौकट रिकामी राहिली की एजंटला स्मरणपत्र.

नावं तेव्हाही बदलायची. सचिन चौधरींनी 1949 मध्ये मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ काढलं. ते बंद झाल्यावर 1966 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’. जुन्या कार्डावर ‘पुढे पाहा’, नव्यावर ‘मागे पाहा’ लिहिलं की भागायचं. वर्गणी थांबली तरी बांधून घेतलेले खंड कपाटातच असायचे. आमच्याकडे नसलेल्या अंकासाठी चिठ्ठी देऊन मुलांना फिल्म सिटी रस्त्यावरच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत पाठवायचे. रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये स्थापलेली ती संस्था म्हणजे अर्थशास्त्रवाल्यांचं माहेरच.

2010 मध्ये कॉलेजांना ऑनलाइन जर्नलं देणारं एन-लिस्ट आलं आणि हजारो जर्नलं एकदम दारात उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, बाईंचं काम संपलं. काम तर तिथून वाढलं. दर जूनला लॉगिनच्या यादीत नव्या मुलांची नावं घाला, गेलेल्यांची काढा. एकाच जर्नलचे आयएसएसएन, म्हणजे ओळख-क्रमांक, दोन, छापील अंकाचा वेगळा, ऑनलाइनचा वेगळा. कुठून कुठपर्यंतचे अंक उघडतात, तेही ठरलेलं नाही: जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात बऱ्याच जर्नलांचे ताजे तीन-पाच वर्षांचे अंक मिळत नाहीत, आणि ही हद्द दर जानेवारीत पुढे सरकते. त्यात जर्नलं बिऱ्हाड बदलतात. ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ 2011 मध्ये एमआयटी प्रेसकडून ऑक्सफर्डकडे गेलं, ‘इकॉनॉमिक जर्नल’ 2019 मध्ये वायलीकडून ऑक्सफर्डकडे. पत्ता बदलतो, आमच्या यादीतली लिंक जुन्याच दारावर थाप मारत राहते. अशा याद्या सर्वांनी एकाच साच्यात ठेवाव्यात म्हणून 2010 मध्ये केबार्ट नावाची शिफारस निघाली. पण साचा भरायला माणूस लागतोच.

एकदा एमएची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे पैसे मागतंय.” पाहिलं तर ती लिंक कित्येक महिने मेलेली. कुणी तक्रार केली नव्हती. मुलांना वाटलं, कॉलेजकडे हे जर्नल नसेलच. कार्डेक्समध्ये ही गोष्ट दुसऱ्या महिन्यात डोळ्यात खुपली असती.

त्या दिवशी मी एक लांब वही आणली, पट्टीने बारा चौकटी आखल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वाचनालयातल्या संगणकावर, विद्यार्थ्याच्या लॉगिनने, एकेक जर्नल उघडून पाहायचं. लेखाचं पान दिसलं तरच तारीख.

आता 2025 पासून सरकारी संस्थांसाठी ‘एक देश, एक सदस्यत्व’ आहे, सुमारे 13,000 जर्नलांचं. यादी वाढली की तपासायच्या लिंकाही वाढणार.

निवृत्त होताना वही माझ्या जागी आलेल्या मुलीला दिली. ती म्हणाली, “मॅडम, एक्सेलमध्ये घेते.”

“घे,” म्हटलं. “फक्त रिकामी चौकट लाल ठेव.”