रक्ताच्या खुणेवरून मेंदूचा पत्ता : एफएमआरआयच्या अचूकतेचा इतिहास (थ्रेड)

१/ १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गमावलेल्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि वाचेचे स्थान मेंदूच्या पुढच्या भागात असल्याचे मांडले. कवटी न उघडता, जिवंत माणसात असे स्थान शोधण्याचा मार्ग तेव्हा नव्हता.

२/ तो मार्ग रक्तातून निघाला. मेंदूचा जो भाग काम करतो त्याचा रक्तपुरवठा वाढतो, असे रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्ये मांडले. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते, हे पॉलिंग आणि कोर्येल यांनी १९३६ मध्ये दाखवले.

३/ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे धागे जोडले : रक्तातील ऑक्सिजनचा फरक एमआरआयच्या चित्रात उमटतो. १९९२ मध्ये अमेरिकेतील तीन गटांनी माणसाच्या मेंदूवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले.

४/ मात्र हे यंत्र चेतापेशी पाहत नाही, रक्त पाहते. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाचे पाणी पूर्णा नदीतून सिद्धेश्वर धरणात आणि तेथून कालव्यांनी शेतांत जाते. शेतातून निथळलेले पाणी पुढे ओढ्याला मिळते. ओढ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला वर कुठेतरी भिजवण झाली एवढे कळते. कोणत्या शेतात, ते कळत नाही.

५/ मेंदूतही सूक्ष्म केशवाहिन्यांतले रक्त मोठ्या नीलांत जमते आणि तेथे खूण अधिक ठळक दिसते. चित्रातला सर्वांत तेजस्वी ठिपका त्यामुळे खऱ्या जागेपासून काही मिलिमीटर सरकू शकतो. वाचाक्षेत्रालगतची गाठ काढताना या अंतरावर रुग्णाचे बोलणे अवलंबून असते. म्हणूनच अशा शस्त्रक्रियांत रुग्णाला जागे ठेवून, सौम्य विद्युतप्रवाहाने पडताळणी केली जाते.

६/ उपाय दोन बाजूंनी झाले. चुंबक १.५ टेस्लावरून ७ टेस्लापर्यंत वाढले, त्यामुळे सूक्ष्म वाहिन्यांची खूण तुलनेने बळकट झाली. आणि ‘स्पिन-एको’ पद्धतीने मोठ्या नीलांचा प्रभाव घटवला. २००८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात एसा याकूब व सहकाऱ्यांनी माणसाच्या दृष्टिक्षेत्रातील, मिलिमीटरहून अरुंद असे दिशासंवेदी स्तंभ टिपले.

७/ २००३ मध्ये ऑक्सिजनऐवजी रक्ताचे आकारमान मोजणारी ‘व्हासो’ पद्धत मांडली गेली. तिच्या साहाय्याने २०१७ मध्ये लॉरेन्शियस ह्यूबर व सहकाऱ्यांनी हालचालींच्या क्षेत्रात संदेश घेणारे वरचे थर आणि आज्ञा पाठवणारे खोल थर वेगळे दाखवले. या अचूकतेमागे बलवान चुंबक आहेत, तसेच रक्त कोठे दिशाभूल करते याचे ज्ञानही आहे.